पाठवणीची वही

माझ्याकडे लाल कापडी पुठ्ठ्याची एक लांबट वही आहे, किराणा दुकानातल्या खतावणीसारखी. आत चार रकाने आखलेले: तारीख, कुठे पाठवल्या, कोणत्या कविता, काय झालं. १९८८ साली शाळेत नोकरीला लागले तेव्हा ही वही घातली आणि वर गमतीने ‘पाठवणी’ असं लिहिलं. सासूबाईंनी ते वाचून विचारलं होतं, "कोणाची गं पाठवणी?" लेकीची पाठवणी एकदाच होते. माझ्या कविता मात्र सासरी जाऊन महिन्या-दोन महिन्यांत माहेरी परत येत. चौथ्या रकान्यात पहिली कितीतरी पानं दोनच अक्षरं आहेत: सा. प. म्हणजे साभार परत.

कविता लिहिणं हा एक उद्योग आणि ती पाठवणं हा दुसरा. दुसऱ्याचे नियम कुणी शिकवत नाही, ते चुकतमाकत कळतात. फुलस्केप कागदाची एकच बाजू. डावीकडे चांगला दोन बोटं समास. एका कागदावर एकच कविता, मग ती पाच ओळींची का असेना. एका वेळी तीन किंवा चार पाठवायच्या. एकच पाठवली तर संपादकाला निवडायला काही उरत नाही, आणि दहा पाठवल्या तर आपल्यालाच निवडता येत नाही हे त्याला कळतं. कार्बन घालून एक प्रत स्वतःकडे. आणि सोबत स्वतःचा पत्ता लिहिलेलं, तिकीट लावलेलं पाकीट. आपल्याच नकाराचा टपालखर्च आपणच आगाऊ भरायचा, अशी ती रीत होती. ते पाकीट आपल्याच अक्षरात दारात येऊन पडे, त्यामुळे फोडायचीही गरज नसे. आमचे पोस्टमन ते देण्याआधी बोटांत धरून बघत आणि म्हणत, "बाई, जाड आहे." जाड म्हणजे कविता आत आहेत. नुसतं पोस्टकार्ड आलं, तर मात्र ते सायकलवरूनच हात उंच करून दाखवत.

परतीची चिठ्ठी बहुधा छापील असे. स्थलाभाव, धोरण, लोभ असावा. एकदा मात्र परत आलेल्या कवितेच्या समासात पेन्सिलची उभी रेघ दिसली, शेवटच्या चार ओळींच्या बाजूने, आणि शेजारी बारीक अक्षरात: ‘हे आधीच सांगून झालंय.’ मी आठ दिवस चिडून होते. कविता उन्हाळ्यातल्या आटलेल्या विहिरीवर होती, आणि त्या चार ओळींत मी विहीर म्हणजे बाईचं आयुष्य वगैरे समजावून सांगितलं होतं. नवव्या दिवशी त्या ओळींवर तळहात ठेवून कविता पुन्हा वाचली. ती बादली तळाच्या दगडावर आपटल्याच्या आवाजापाशी थांबत होती. तिथंच थांबायला हवी होती. तशीच दुसरीकडे पाठवली. चौथ्या रकान्यात त्या दिवशी पहिल्यांदा ‘छापली’ लिहिलं. मनिऑर्डर पंचवीस रुपयांची आली होती. पैसे केव्हाच संपले, कूपन अजून वहीत आहे.

आमच्या खानदेशात हा नाद जुना. १८८७ साली जळगावात नारायण नरसिंह फडणीसांनी ‘काव्यरत्नावली’ हे मासिक काढलं, निव्वळ कवितेसाठी. केशवसुतांच्या कविता त्यात येत. १९०७ साली जळगावलाच कविसंमेलन भरलं आणि त्र्यंबक बापूजी ठोमरे या कोवळ्या पोराला तिथे ‘बालकवी’ हे नाव मिळालं. १९८५ मध्ये धुळ्याला पुरुषोत्तम पाटलांनी ‘कवितारती’ सुरू केलं, तेही केवळ कवितेला वाहिलेलं. आणि याच मुलखात बहिणाबाईंनी कुठेच, काहीच पाठवलं नाही. त्यांना लिहिता येत नव्हतं. घरच्यांनी उतरवून घेतलेली गाणी सोपानदेवांनी आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ साली पुस्तक निघालं, तेव्हा बहिणाबाई हयात नव्हत्या. वहीत ‘सा. प.’ लिहिताना हे मला हटकून आठवायचं.

मुंबईच्या ‘सत्यकथे’चे किस्से आमच्या तालुक्यापर्यंत पोचले होते. श्री. पु. भागवत आणि राम पटवर्धन लेखकांना सविस्तर पत्रं लिहीत, पुन्हा लिहायला लावत. या चिकित्सेचा काहींना जाच वाटे. १९६९ साली तरुण लेखकांनी ‘सत्यकथे’चा अंक जाळलाही. १९८२ मध्ये ते मासिक बंद पडलं. मी पाठवायला लागले त्याच्या सहा वर्षं आधी. त्यामुळे ‘सत्यकथे’ने माझी कविता नाकारली होती, ही बढाई मला मारता येत नाही.

दिवाळी अंकांचं गणित वेगळं. १९०९ साली का. र. मित्रांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला तेव्हापासूनची ही परंपरा, आणि तिच्यामुळे मराठी कवीची दिवाळी आषाढातच सुरू होते. जून-जुलैत कविता गेली नाही तर ती पुढच्या वर्षावर. नवखी माणसं पणतीच्या, रांगोळीच्या कविता पाठवतात. त्या संपादकाला नकोच असतात, कारण अंक नंतरचे सहा महिने वाचला जातो. अंकात कवितेच्या दोन जागा असतात. एक कविता विभागातली, सन्मानाची. दुसरी कथा जिथे अर्ध्या पानात संपते तिथली. दुसऱ्या जागेसाठी चांगली कविता नव्हे, तर मापाची कविता लागते. माझी एक कविता बासुंदीच्या कृतीखाली छापून आली होती. शेजारच्या बाईंनी बासुंदी केली, कवितेबद्दल काही बोलल्या नाहीत.

वहीत एक पान मी कुणाला दाखवत नाही. एका अंकाकडून चार महिने उत्तर नाही म्हणून तीच कविता दुसऱ्या अंकाला पाठवली. दोन्हींकडे छापली, एकाच दिवाळीत. पहिल्या संपादकांचं कार्ड आलं: ‘आपल्याकडून ही अपेक्षा नव्हती.’ ते खरंच होतं. तेव्हापासून माझा नियम असा: तीन महिने वाट, मग एक विचारणा, मग ‘कविता परत घेत आहे’ असं स्पष्ट कळवणं, आणि त्यानंतरच दुसरं दार.

पुढे ई-मेल आली आणि पोस्टमन सुटले. नव्या अडचणी आल्या. मी श्रीलिपीत टंकलेलं तिकडच्या संगणकावर वेगळंच दिसे. एका अंकात रफार उडाला आणि माझा सूर्य ‘सूय’ होऊन उगवला. एकदा मुक्तछंदातल्या ओळी सलग जोडून परिच्छेद छापला. कुणालाही त्यात काही चुकलंय असं वाटलं नाही, हे मात्र मनाला लागलं. आता युनिकोडमध्ये मजकूर आणि सोबत पीडीएफ, म्हणजे ओळ कुठे तुटते ते तरी दिसावं.

आणि मोबाइलवरच्या स्पर्धा. रोज एक विषय, रात्री नऊपर्यंत मुदत. सोमवारी अष्टाक्षरी, मंगळवारी अभंग, बुधवारी चारोळी. निकाल सर्वोत्कृष्ट, उत्कृष्ट, प्रथम, द्वितीय, उत्तेजनार्थ अशा इतक्या पायऱ्यांनी लागतो की खाली कुणी उरतच नाही. प्रत्येकाला फोटोसकट रंगीत प्रमाणपत्र. मी दोन महिने त्यात रमले होते, नाकबूल कशाला करू? अक्षरं मोजण्याची सवय लागली, हा फायदाच. पण साठ दिवसांत माझ्या एकाही ओळीवर कुणी बोट ठेवलं नाही. नंतर निरोप आला की आपली कविता ‘प्रातिनिधिक काव्यसंग्रहा’साठी निवडली आहे, सहभाग शुल्क अमुक, दोन प्रती आणि सन्मानचिन्ह मिळेल, पुस्तकाला आयएसबीएन आहे. हा क्रमांक आपल्याकडे सरकारी यंत्रणेकडून विनामूल्य मिळतो, आणि तो पुस्तकाची ओळख सांगतो, दर्जा नव्हे. निवड झाल्यावर पैसे मागितले जात असतील तर निवड कवितेची झालेली नाही. पहिल्या संग्रहासाठी खरोखर मदत हवी असेल त्यांनी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पाहावी. तिथे हस्तलिखित वाचलं जातं.

मागच्या वर्षी पारडं फिरलं. एका वाचनालयाच्या स्पर्धेसाठी मला परीक्षक म्हणून बोलावलं. दोनशेच्या वर कविता, नावाऐवजी सांकेतिक क्रमांक, आणि गुणपत्रक: आशय, शब्दकळा, लय, एकूण परिणाम. पहिल्या फेरीत मी तीन गठ्ठे केले, हो, नाही आणि बघू. आई, बाप, शेतकरी, पाऊस. दोन तासांनी सगळ्या आया एकाच आईसारख्या दिसायला लागल्या. दोन ओळींत ती देव व्हायची आणि मग तिच्याबद्दल सांगायला काही उरायचं नाही. कडेला वेलबुट्टी काढलेली कविता मी आधी बाजूला ठेवायचे, मग अपराधी वाटून पुन्हा घ्यायचे. वेलबुट्टी आणि कविता यांचा उलटसुलट संबंध मला तरी आढळला नाही.

मग एक आई वेगळी निघाली. केळीचे घड कापायला जाणारी. तिच्या सगळ्या लुगड्यांवर चिकाचे काळे डाग, आणि मुलगी लग्नाला जाताना डाग नसलेलं लुगडं शोधतेय, एवढीच गोष्ट. चिकाचा डाग कुठल्याच साबणाने जात नाही, हे आमच्याकडे पोरासोरांना ठाऊक. पण दोनशे कवितांत ते एकीनेच लिहिलं. सहपरीक्षक सरांनी लयीत दहापैकी तीन दिले. "ओळी लंगडतात, बाई." लंगडत होत्याच. मी म्हटलं, लय शिकवता येते, हा डाग कुठून आणाल? चहाचे दोन कप झाले. सर हटले नाहीत, मीही नाही. शेवटी तिला उत्तेजनार्थ मिळालं, आणि पहिलं बक्षीस अचूक मात्रांच्या एका पावसाला.

जवळपास तीस कवितांच्या समासात मी पेन्सिलने खुणा केल्या होत्या. संयोजकांनी गठ्ठा बांधून कपाटात ठेवला. ‘प्रवेशिका परत मिळणार नाहीत’ असा नियमच छापलेला होता. बक्षीस समारंभात त्या मुलीला गाठलं. बारावीतली पोर. तिच्या कवितेतही शेवटचं एक कडवं जास्त होतं. सांगितल्यावर तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "पण मॅडम, त्याच कडव्याला वर्गात टाळ्या मिळाल्या होत्या." मी तिला त्यावर तळहात ठेवून वाचायला सांगितलं. तिने काय केलं, ते मला माहीत नाही.

यंदा आषाढात मी सहा कविता दोन ठिकाणी पाठवल्या. वहीतला चौथा रकाना दोन्हींसमोर कोरा आहे. हल्ली तो कोराच राहतो. कविता घेतली तर अंक आल्यावर कळतं, नाही घेतली तर कळतच नाही. संपादक महाशय, ढीग मोठा असतो, हात कमी असतात, हे मी आता एका गठ्ठ्यापुरतं तरी जाणते. पण ‘नको’ एवढी दोन अक्षरं कळवा. टपालखर्चही नाही आता. आणि जमलंच, तर कुठली ओळ नको, तेही.