कोबा आणि पाण्याचा हिशेब

मंडळी, घर बांधायला निघालेला माणूस वीट चारदा ठोकून पाहतो, पत्रा किती जाडीचा ते विचारतो, दाराला सागवान घ्यावे की बाभूळ यावर पारावर बसून वाद घालतो. जमिनीचा विचार मात्र अगदी शेवटी येतो. तोवर पैसे संपत आलेले असतात, पाऊस तोंडावर असतो, आणि गवंडी म्हणतो, "कोबा करून टाकू, दोन दिवसांचं काम आहे."

काम दोन दिवसांचेच आहे, खोटे नाही. पण त्याच्यामागून आठ-दहा दिवसांचे जे काम येते, ते कुणी मोजत नाही. आज मी तुम्हाला मुख्यतः तेच सांगणार आहे.

पूर्वी कोबा म्हणजे चुना आणि विटांचे तुकडे. तो बाया-गडी चोपणीने दिवस दिवस चोपीत. आताचा कोबा सिमेंट, वाळू आणि बारीक खडी यांचा. तो घोटून तसाच वापरावा, नाहीतर त्यावर फरशी बसवावी. चुन्याच्या कामात गूळ आणि बेलफळाचे पाणी घालीत, हे ऐकून पुष्कळ वडीलधारी मंडळी सिमेंटातही गूळ घालायला सांगतात. तेवढे मात्र करू नका. चुन्याला चालणारा गूळ सिमेंटाला चालत नाही. पोत्यामागे मूठभर साखर गेली तरी सिमेंट घट्ट होता होत नाही.

आता कोबा कुठे करावा? राहत्या खोल्या, शाळेचे वर्ग, ओसरी, दुकान, धान्याची खोली, इथे तो उत्तम आणि स्वस्त. दूध संकलनाच्या जागी मात्र साधा कोबा घालू नये. आंबलेल्या दुधातले आम्ल सिमेंट हळूहळू खाते आणि खडी उघडी पडते. रासायनिक खताची पोती ठेवायची असतील तर ती लाकडी फळ्यांवर ठेवा, कारण काही खतेही सिमेंटाला खातात. धान्याच्या कोठीत कोब्याच्या काँक्रीटखाली जाड प्लास्टिकचा कागद अंथरला, तर जमिनीतली ओल वर चढत नाही.

कोबा फुटला की आपण सिमेंटाला दोष देतो. पुष्कळदा दोष खालच्या भरावाचा असतो. काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर कितीही चांगला कोबा घाला, तो तिच्याबरोबर हलणारच. म्हणून निदान दोन फूट काळी माती काढून मुरूम भरावा. तोही एकदम नको. सहा-सहा इंचांचे थर घालून, पाणी मारून, धुमसाने चोपावा. त्यावर दगडांचे सोलिंग, आणि त्यावर 3 ते 4 इंच हलके काँक्रीट, म्हणजे 1 भाग सिमेंट, 4 वाळू, 8 खडी. हे काँक्रीट ओलसर आहे तोवरच कोबा घातला तर दोन्ही एकजीव होतात. वाळले असेल तर तारेच्या ब्रशाने खरवडून धुवावे आणि सिमेंटाची पातळ राळ फासून लगेच कोबा ओतावा. नाहीतर वरचा थर सुटा राहतो. काठीने ठोकले की पोकळ आवाज येतो तो हाच.

हिशेब सांगतो. 10 फूट लांब आणि 10 फूट रुंद अशा खोलीत दीड इंच कोबा करायचा, प्रमाण 1:2:4. सिमेंटाची सुमारे सव्वादोन पोती, साडेपाच घनफूट वाळू आणि अकरा घनफूट बारीक खडी लागते. वाळू ओली असेल तर ती फुगलेली असते हे ध्यानात ठेवा. दुकानात जड पिंपे ओढायची असतील तर जाडी 2 इंच घ्या. सबंध खोली एकसंध ओतू नका. चार-चार फुटांचे चौकोन पाडून मध्ये काचेच्या पट्ट्या उभ्या करा. काँक्रीट वाळताना आकसतेच. तुम्ही सांधा दिला नाहीत तर ते आपला सांधा आपणच पाडते.

आणि आता पाणी. 50 किलोच्या पोत्याला 25 लिटरपेक्षा जास्त पाणी नको, म्हणजे आपल्या खोलीला पन्नास-पंचावन्न लिटर पुरे. पण माल पातळ असला की सोपा पसरतो, म्हणून गडी आणखी एक बादली ओततो. हे जास्तीचे पाणी बारीक कण घेऊन वर येते. ते शोषायला गवंडी वरून कोरडे सिमेंट भुरभुरतो आणि घोटतो. त्या दिवशी कोबा आरशासारखा दिसतो. वर्षभरात तीच चकाकी पापुद्र्यासारखी सुटते.

उलट, कोबा घातल्यावर पाणी पुष्कळ लागते. दुसऱ्या दिवशी कडेने मातीची वरंघळ घालून इंचभर पाणी साठवायचे म्हटले, तर त्याच खोलीला सुमारे 235 लिटर लागते, आणि उन्हाने आटेल ते वेगळे. सिमेंट वाळून घट्ट होत नाही, पाण्याशी संयोग होऊन घट्ट होते. पाणी आटले की ते काम तिथेच थांबते.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. तरुणपणी एका गावच्या शाळेच्या दोन खोल्यांचा कोबा माझ्या देखरेखीखाली झाला. गावाने श्रमदान केले होते, म्हाताऱ्याकोताऱ्यांनी मुरूम वाहिला होता. काम मे महिन्यात, कारण सुटी तेव्हाच. विहिरीने तळ गाठलेला. माणसांना पाणी नाही तिथे जमिनीला कुठून मागू, असे मला वाटले, आणि दोन दिवस शिंपडून मी गप्प बसलो. दिवाळीपर्यंत वर्गात पांढरी धूळ उडू लागली. पोरांच्या चड्ड्या, वह्या, सारे पांढरे. बाई रोज दोनदा झाडीत, आणि झाडावे तितका कोबा झिजे. गावाने मला शब्दाने बोल लावला नाही, हे अधिक लागले.

आज मी तिथे काय केले असते? एक तर काम दिवाळीच्या सुटीत घेतले असते. विहिरीला पाणी असते आणि ऊनही मऊ असते. तेही जमत नसेल, तर पाणी साठवण्याऐवजी ओली पोती अंथरून वर प्लास्टिकचा कागद दाबून ठेवला असता. मग सकाळ-संध्याकाळ थोड्या बादल्यांत भागते. किमान 7 दिवस, उन्हाळ्यात 10.

गुरुजींनी आणि बाईंनी वर्गात एवढे करून पाहावे. 1 भाग सिमेंट, 3 भाग वाळू घेऊन करवंटीत तीन वड्या पाडा. पहिलीत बेताचे पाणी घालून ती घट्ट झाल्यावर ओल्या फडक्यात ठेवा. दुसरी तशीच करून उन्हात ठेवा. तिसरीत दुप्पट पाणी घाला आणि तीही उन्हात ठेवा. आठव्या दिवशी मुलांना प्रत्येकीवर खिळ्याने रेघ ओढू द्या. कालवण्याचे काम मात्र मोठ्यांनी रबरी हातमोजे घालून करावे, ओले सिमेंट कातडी भाजते.