पांढऱ्या पट्ट्यांवर आधी कोण?

आठवडी बाजाराच्या दिवशी कंधारच्या बसस्थानकासमोर घटकाभर उभे राहून पाहावे. डोक्यावर गाठोडे घेतलेली आजी जीप थांबण्याची वाट पाहते. जीप हॉर्न वाजवून निघून जाते. वास्तविक थांबायचे कोणी, हे कायद्याने ठरवून दिले आहे.

केंद्र सरकारच्या २०१७ च्या वाहनचालन नियमांनुसार, सिग्नल किंवा पोलीस नसलेल्या पांढऱ्या पट्ट्यांजवळ येताच चालकाने वेग कमी करावा आणि कोणी रस्ता ओलांडत असेल तर वाहन थांबवून त्याला आधी जाऊ द्यावे. हॉर्न वाजविणे म्हणजे थांबणे नव्हे!

याला आरोग्याची बाजू आहे. गुडघे दुखणारे वयस्क माणूस सेकंदाला जेमतेम एक मीटर चालते. सात मीटरचा रस्ता ओलांडायला त्याला सात सेकंद लागतात. ताशी ५० किलोमीटर वेगाची जीप तेवढ्यात सुमारे शंभर मीटर पुढे येते. डोळ्यांत मोतीबिंदू असेल तर वेगाचा अंदाजही येत नाही. या वयात खुब्याचे हाड मोडले, की माणूस महिनोन्‌महिने अंथरुणाला खिळतो.

पट्टे नसले तरी वृद्ध, मुले व दिव्यांगांची विशेष काळजी घेण्याचे बंधन चालकावर आहेच. पायी जाणाऱ्यांनी मात्र उभ्या एसटीच्या पुढून एकदम रस्त्यावर येऊ नये. बस निघून जाऊ द्यावी.

अपघात झालाच तर जखमीची मान हलवू नये, १०८ क्रमांकावर फोन करावा. पोलिसांच्या भीतीने मागे सरू नये. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीने संरक्षण दिले आहे.