रेड्याची समाधी आणि अस्थींचा जमाखर्च

पुण्याहून नाशिककडे जाणारा हमरस्ता आणि कल्याणहून माळशेजचा घाट चढून नगरकडे जाणारा रस्ता जेथे एकमेकांस छेदतात, त्या आळेफाट्यावर चहा न घेतलेला प्रवासी विरळा. परंतु त्या फाट्यास ज्या गावाने आपले नाव दिले त्या आळ्यात शिरून रेड्याच्या समाधीपाशी घटकाभर बसणारा प्रवासी त्याहूनही विरळा, आणि गेली वीस-बावीस वर्षे मी त्या दुसऱ्या, अल्पसंख्य वर्गात मोडतो. पैठणास ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदविले तो रेडा परतीच्या वाटेवर येथे निवर्तला आणि ज्ञानदेवांनी त्यास येथेच समाधी दिली, अशी परंपरा आहे. भाविकांचे चित्त त्याच्या मुखाशी जडलेले असते. माझे मात्र, कबूल करतो, त्याच्या पायांशी. मांसमेदाचा एवढा डोंगर त्यामानाने किरकोळ अशा चार खुंटांवर तोलून वर पाण्याची पखालही वाहणाऱ्या या जातीच्या अस्थी काय घडणीच्या असतील, हा प्रश्न मला तेथे बसल्या बसल्या छळीत असे.

प्रश्नाचे मूळ घरातच होते. आमच्या आत्याबाई देहाने भरभक्कम. नव्वद किलोंच्या खाली त्यांचा काटा कधी उतरला नाही, आणि ‘हाडापेराने मजबूत’ हे त्यांचे वर्णन आमच्या आप्तवर्गात दोन पिढ्या चालत आले होते. त्या एके दिवशी आळेफाट्यावर एस.टी.तून उतरताना पायरीवरून किंचित घसरल्या आणि उजव्या पायाचा घोटा दोन ठिकाणी मोडला. “अरे, म्हशीसारखी मी, आणि एवढ्याशा पायरीने मोडले होय?” हा त्यांचा पहिला उद्गार. पुढे हाडांच्या घनतेची तपासणी झाली, तिचा कागद निर्दोष निघाला. घनता उत्तम आणि हाड मात्र मोडलेले, असा हा फौजदारी पेच होता, व त्याचा छडा लावण्याच्या नादात माझी कपाटे वैद्यकीय ग्रंथांनी भरली.

पार्श्वभूमी थोडक्यात उरकतो, कारण ती कोणत्याही शालेय पुस्तकात सापडेल. हाड हे निर्जीव लाकूड नव्हे. जुने हाड खरवडणाऱ्या आणि नवे रचणाऱ्या अशा दोन जातींच्या पेशी त्यात जन्मभर राबत असतात, शरीरातील ९९ टक्के कॅल्शियम याच जामदारखान्यात जमा असते, आणि जमेपेक्षा खर्च वाढला की हाड ठिसूळ होते. १८९२ साली यूलियुस वोल्फ या जर्मन शल्यविशारदाने सांगितले की हाड आपल्यावरील भाराप्रमाणे आपली रचना बदलते. अंतराळात वजनरहित अवस्थेत राहणाऱ्यांच्या पाठीच्या व खुब्याच्या हाडांची घनता दर महिन्यास सुमारे १ ते १.५ टक्क्याने का घटते, त्याचे कारणही हेच.

या न्यायाने स्थूल मनुष्याचे हाड सर्वात बळकट असावयास हवे, आणि वैद्यकशास्त्र बराच काळ तसेच समजत होते. त्यास पुरावाही होता: वजनाबरोबर घनता वाढते, रजोनिवृत्तीनंतर चरबीतच थोडेफार इस्ट्रोजेन तयार होऊन हाडांची झीज मंदावते, आणि पडले तरी खुब्यावर मांसल गादी असते. परंतु १० देशांतील ६०,००० हून अधिक प्रौढ स्त्रियांच्या पाहणीचे निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाले तेव्हा दिसून आले की स्थूल स्त्रियांची हाडे कमी मोडतात ही समजूत खरी नाही. त्यांचे मनगट कमी मोडते, पण घोटा आणि मांडी मात्र अधिक. आत्याबाईंचा घोटा असा जागतिक दप्तरात दाखल झाला.

येथे मला चरकाकडे वळल्यावाचून राहवत नाही, आणि संपादकांनी जागेविषयी औदार्य दाखविले असल्याने मी वळतोच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील एकविसावा अध्याय ‘अष्टौनिन्दितीय’ नावाचा आहे. अतिदीर्घ, अतिर्‍हस्व, अतिलोमश, अलोमश, अतिकृष्ण, अतिगौर, अतिस्थूल आणि अतिकृश असे आठ निंद्य पुरुष सांगून आचार्य पहिल्या सहांना जवळजवळ वाऱ्यावर सोडतात आणि शेवटच्या दोघांवरच सारी बुद्धी खर्च करतात. रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा, शुक्र या सात धातूंच्या क्रमात मेदानंतर अस्थीचा क्रम लागतो. वरच्या पाटातून खालच्या शेतास पाणी मिळावे तसे पूर्वधातूकडून उत्तरधातूचे पोषण होते. स्थूलाच्या देहात मेदच तेवढा वाढत राहतो आणि पुढील धातू उपाशी राहतात, असे चरकाचे म्हणणे. कुकडीच्या कालव्यावर वरच्या गावाने पाणी अडविले म्हणजे टोकाच्या शेतकऱ्याची जी गत होते तीच अस्थीची. आमच्या पूर्वजांना सर्व काही ठाऊक होते असे सांगत फिरणाऱ्यांचा मला मनस्वी कंटाळा आहे. तरीही आधुनिक शास्त्र सांगते की हाडाच्या पोकळीतील मज्जेत एकच मूळ पेशी परिस्थितीनुसार अस्थी रचणारी किंवा चरबी साठविणारी होऊ शकते, आणि एक वाढली की दुसरीचा वाटा घटतो. हे वाचून त्या रात्री मी चरकाची प्रत पुन्हा उघडली, एवढे मात्र खरे. त्यात भर अशी की ‘ड’ जीवनसत्त्व चरबीत विरघळून अडकून पडते, म्हणून रक्तात त्याची चणचण भासते; आणि पोटातील चरबी जे दाहकारक स्राव सोडते, त्यांनी खरवडणाऱ्या पेशींना चेव येतो.

घोट्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. भीमाशंकरच्या डोंगरात उगम पावून आंबेगावातून वाहत जाणारी आणि पुढे आमच्या कुकडीस पोटात घेणारी घोड नदी शिरूर तालुक्यात इनामगावाजवळून जाते, आणि तेथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात केलेल्या उत्खननात तीन हजार वर्षांपूर्वीची दोनशेहून अधिक दफने सापडली. प्रौढांचे पाय बहुधा घोट्याखाली तोडलेले असत. मृताने परत घरी चालत येऊ नये म्हणून, असा विद्वानांचा तर्क. एक गृहस्थ मात्र चार पायांच्या, फुगीर पोटाच्या मातीच्या रांजणात बसविलेला आणि पायांसह अखंड आढळला. त्या रांजणाचे छायाचित्र मी आत्याबाईंना दाखविले, तेव्हा “पोट माझ्यासारखे, पण पाय नशिबाचे,” असे त्या म्हणाल्या.

आता एक सूचना अत्यावश्यक आहे: काट्यावर विसंबू नये. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्यानजीकच्या सहा खेड्यांत चालविलेल्या अभ्यासात आढळले की आमची अर्भके सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनची ३.५ किलोंची, पण आमच्यात उणे पडते ते प्रामुख्याने मांस, त्वचेखालचा मेद फारसा नव्हे. दिसण्यात सडपातळ आणि आतून स्थूल अशी ही आमची जात. याच अभ्यासातील मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्या हाडांचे मापन झाले, तेव्हा गर्भारपणी दूधदुभते आदी कॅल्शियमयुक्त अन्न वारंवार खाल्लेल्या मातांच्या मुलांची हाडे अधिक भरीव निघाली. म्हणून हाडाची पहिली तिजोरी सासरी नव्हे, माहेरीही नव्हे, आईच्या पोटात भरते. वजनाचे म्हणाल तर भारतीयांसाठी २३ च्या पुढचा देहभारांक जास्त समजावा, आणि कमरेचा घेर पुरुषास ९० व स्त्रीस ८० सेंटिमीटरांपुढे जाऊ देऊ नये.

उपाय म्हणून उपाशी राहाल, तर मात्र पस्तावाल; घाईने उतरविलेल्या वजनाबरोबर हाडही उतरते, आणि जठर लहान करण्याच्या शस्त्रक्रियेनंतर तर याची दक्षता फारच घ्यावी लागते. सावकाश उतरलेला प्रत्येक किलो मात्र चालताना पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे ४ किलोंनी हलका करतो, असे संधिवाताच्या रुग्णांवरील मापनात दिसले आहे. हाडास भार हवा, पण तो स्नायूंनी उचललेला हवा. नारायणगावच्या बाजारात टोमॅटोचे कॅरेट उचलणारा हमाल आणि त्याच वजनाची चरबी कमरेस बांधून गादीवर बसलेला अडत्या, यांच्या अस्थींना काटा सारखाच दिसला तरी निवाडा वेगळा मिळतो. राहिली आळ्याकडची मासवडी. तिच्या सारणातील तिळात वजनागणिक दुधाच्या कितीतरी पट कॅल्शियम असते, पण त्यातील ऑक्झलेटमुळे त्यातले थोडेच अंगी लागते, आणि तिच्यावरची तर्री कोणत्याही धातूस उपकारक नाही. मी तरीही खातो, दोनच वड्या, आणि बाजरीच्या भाकरीबरोबर.

आत्याबाईंचा घोटा साडेतीन महिन्यांत जुळला. पुढच्या चैत्रात त्या आळ्यास आल्या तेव्हा त्यांचे वजन सात किलोंनी उतरले होते, हातात काठी होती, आणि रिक्षा नाकारून त्या समाधीपर्यंत चालत आल्या. वाचकहो, आपण कधी त्या बाजूस गेलात तर गाडी फाट्यावरच उभी करा आणि गावापर्यंत पायीच जा.