अलबेला, मायाबजार आणि सव्वीस जानेवारी

पहाटे 5.30

आदिलाबाद जिल्ह्यात जानेवारीतली थंडी अशी, की फरशीवर अनवाणी पाय ठेववत नाही. सतरंजी अंथरते, शाल गुंडाळून बसते आणि फोनचा आवाज पूर्ण बंद करून एक नाच बघते. नाच बसवणं हा माझा धंदा. गुडीहत्नूर आणि आसपासच्या शाळांची स्नेहसंमेलनं, लग्नातली संगीताची संध्याकाळ, पंधरा ऑगस्ट, सव्वीस जानेवारी. संक्रांतीच्या सुट्ट्या संपल्या की झेंडावंदनापर्यंत मान वर करायला सवड मिळत नाही.

आवाज अशासाठी बंद, की गाणं कानावर पडलं की आपण त्याच्यावरच भाळतो आणि नाच बघायचा राहून जातो. आवाज नसला की पाय, कंबर, मान, नजर सगळं सुटं सुटं दिसायला लागतं. आज 'पिंजरा' लावला. 1972चा, व्ही. शांताराम यांचा. राम कदमांचं संगीत आणि जगदीश खेबुडकरांची गाणी सगळ्यांना पाठ आहेत, पण मुक्या पडद्यावर संध्याबाईंना बघावं. गावात तमाशा नको म्हणून हटून बसलेल्या गुरुजींना फडात आणून त्यांच्या हाती तुणतुणं द्यायचं, हा संध्याबाईंच्या चंद्रकलेचा पण. गुरुजी झालेल्या डॉ. श्रीराम लागूंचा मराठी पडद्यावरचा हा पहिला मोठा प्रवेश. संध्याबाईंची लावणी बघताना तो पण एक क्षणही विसरता येत नाही. हनुवटी वर गेली की ते आव्हान असतं, गिरकी थांबते ती समोरच्यावर काय परिणाम झाला ते बघायला. या बाईला काहीतरी हवंय आणि ते मिळवायला ती नाचते आहे.

माझ्या वहीत प्रत्येक नाचासमोर पहिली ओळ तीच असते: नाचणाऱ्याला काय हवंय? स्टेप्स त्याच्या खाली.

सकाळी 8.15

स्टँडवर उटनूरच्या बसची वाट बघतेय. नागपूर-हैदराबाद महामार्ग, क्रमांक 44, इथूनच जातो आणि उटनूरकडे जाणारा इंद्रवेल्लीचा रस्ता इथेच फुटतो. कापसाने फुगलेल्या गाड्या पुढून जातात. पिशवीत चाळ, स्पीकर, पेन ड्राइव्ह, सेफ्टी पिनांचा डबा. कंडक्टरला आधार कार्ड दाखवलं की शून्याचं तिकीट हातात येतं. डिसेंबर 2023पासून तेलंगणात बायकांना आरटीसीचा प्रवास फुकट झाला. त्यामुळे आडबाजूच्या लहान शाळांनाही मला हो म्हणता येतं. पूर्वी बसभाड्याचा हिशेब करून नाही म्हणावं लागे.

सकाळी 9.45

पहिली शाळा. प्रार्थना झाली, आठवीची मुलं हॉलमधे. फोनवरच्या रील्समधून प्रत्येकाने पंधरा-वीस सेकंदांचा एकेक तुकडा उचललाय, आणि खरं सांगायचं तर फार सफाईने उचललाय. पण तुकडा संपला की मुलं थांबतात आणि पुढे काय म्हणून माझ्याकडे बघतात.

मी मोठ्या पडद्यावर 'अलबेला' लावते. 1951. भगवानदादा आणि गीता बाली. संगीत पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांचं, आणि पडद्यावरच्या भगवानदादांना आवाजही त्यांचाच, चितळकर या नावाने. भगवान आभाजी पालव यांचा जन्म अमरावतीचा. इथल्या मुलांच्या मावश्या-आत्या विदर्भात दिलेल्या असतात, त्यामुळे अमरावती म्हटलं की ती जरा सरसावून बसतात.

"मॅडम, हा तर नाचतच नाही, चालू रायला," एकजण म्हणतो.

"बरं. मग तू चालून दाखव."

तो उठतो आणि उड्या मारायला लागतो. दुसरा उठतो, तोही उड्याच मारतो. एव्हाना सगळ्यांच्या लक्षात आलंय की हे चालणं सोपं नाही. मी सगळ्यांना ओळीत उभं करते. गुडघे जरासे सैल सोडा. टाच जमिनीपासून बोटभरच उचलू द्या. कोपर बरगडीजवळ ठेवा, हात मनगटापासून झुलू द्या. खांद्यांना काही सांगू नका, ते आपोआप हलतील. एक पाऊल पुढे, अर्धं मागे. आणि हसा, पण दात दाखवायला म्हणून नको.

"मग काहून हसायचं?"

हा प्रश्न आला की मला वाटतं, आजचा दिवस सार्थकी लागला. मी गोष्ट सांगते. सिनेमातला प्यारेलाल गरीब घरचा, नाटकात नट व्हायचं स्वप्न बघणारा. घरच्यांना ते वेड वाटतं. तोच आता रंगमंचावर उभा आहे, समोर माणसं आहेत. त्याचं हसू तिथून येतं. आणि भगवानदादा स्वतः? गिरणी कामगाराचा मुलगा. मारामारीच्या स्वस्त सिनेमांत नाव केलं, मग स्वतः निर्माता, स्वतः दिग्दर्शक, स्वतः नायक होऊन हा सिनेमा काढला. ठेंगणे, अंगाने भरलेले, नायकाच्या ठरलेल्या साच्यात न बसणारे. पुढे अमिताभ बच्चनच्या नाचातही लोकांना त्यांचीच चाल दिसली.

वर्गात एक स्थूल मुलगा आहे. दर वर्षी त्याला झेंडा धरून मागे उभं करतात. आज तो तिसऱ्या फेरीला ती चाल बरोबर पकडतो. अंगाचं वजन त्याच्या उपयोगी पडतं, कारण ही चाल जमिनीला धरून आहे आणि हलक्या अंगाची पोरं तिथे उगाच तरंगतात. मी त्याला मधे घेते. गीता बालीच्या जागी उभी राहणारी मुलगी म्हणते, "मॅडम, याच्यासोबत ताल चुकत नाही." यापेक्षा मोठं प्रशस्तिपत्र जोडीदाराकडून मिळत नाही.

सकाळी 11.30

त्याच शाळेत लावणीचा गट. मी चाळ बांधायला शिकवते: आधी पायाला कापडाची पट्टी, मग चाळ, नाहीतर घोटा सोलवटतो. शाळेच्या मंचावर लावणी शोभेल का, असं एका शिक्षकांनी हळूच विचारलं. मी त्यांना 'सांगत्ये ऐका' बघायला सांगितलं. 1959चा, अनंत माने यांचा. पुण्याच्या विजयानंद थिएटरमधे 131 आठवडे चालला, आणि त्या गर्दीत बायका-पोरं घेऊन आलेली कुटुंबं होती. वसंत पवारांचं संगीत, गदिमांचे शब्द, आशाबाईंचा गळा आणि बुगडीच्या लावणीवर जयश्री गडकर. त्या नाचात डोळे जेवढं बोलतात तेवढं कंबरही बोलत नाही. मी मुलींकडून आधी खुर्चीत बसून नुसत्या मानेची आणि डोळ्यांची तालीम करून घेते. अंग हलवायची परवानगी नंतर.

मागच्या रांगेतल्या दोघी रुसल्या होत्या. त्यांना सांगितलं, जयश्रीबाई कारवारकडच्या, म्हणजे आपल्यासारख्याच सीमेवरच्या. 1955च्या 'झनक झनक पायल बाजे'मधे संध्याबाईंच्या मागे समूहात नाचणाऱ्या मुलींमधे त्या होत्या. चार वर्षांत महाराष्ट्र त्यांच्यासाठी तिकिटाच्या रांगेत उभा राहिला. मागची रांग सुटली की पुढचीला आधार उरत नाही, हेही सांगितलं. रुसवा गेला की नाही ठाऊक नाही, पण दोघींची पावलं ठोस पडायला लागली.

दुपारी 1.00

भाकरी, अंबाडीची भाजी, ठेचा. दहा मिनिटं डोळे मिटते.

दुपारी 1.45

दुसरी शाळा. आदिलाबाद जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या सरकारी शाळाही आहेत, पण या वर्गात मुलं तेलुगू, मराठी, गोंडी, लंबाडी अशी सगळी. यांच्यासाठी मी 'मायाबजार' निवडलाय. के. व्ही. रेड्डी यांचा, 1957. तेलुगू घरांतली मुलं तो आजी-आजोबांबरोबर टीव्हीवर बघतच मोठी झालेली असतात. मराठी घरांतल्यांना सांगावं लागतं, पण गोष्ट त्यांच्याही ओळखीची निघते: बलरामाची मुलगी, अभिमन्यूवर तिचं प्रेम, मदतीला घटोत्कच. तेलुगूत ती शशिरेखा. आपल्याकडे याच गोष्टीवर बाबूराव पेंटरांनी कोल्हापुरात 1921 साली 'सुरेखाहरण' हा मूकपट काढला, आणि त्यात कृष्ण झालेला पोरगा म्हणजे पुढचे व्ही. शांताराम.

'मायाबजार'मधे घटोत्कच शशिरेखेचं रूप घेऊन तिच्या महालात राहतो. म्हणजे शशिरेखा झालेल्या सावित्रीला एकाच नाचात दोन माणसं व्हायचंय: लग्न ठरलेली राजकन्या, आणि तिच्या अंगात दडलेला, खोडीला आसुसलेला राक्षस. सावित्री लाजत लाजत पावलं टाकते आणि मधेच खांदे रुंदावतात, पाय फाकतात, मान ताठ होते. क्षणभरच. लगेच पुन्हा नाजूक राजकन्या. या नाचाची रचना पसुमर्ती कृष्णमूर्तींची. हिंदी-मराठी सिनेमातले गाजलेले पुष्कळ नाच मी मान खाली घालून अभ्यासले आहेत, पण अभिनय आणि नृत्य यांची इतकी घट्ट वीण मला दुसरीकडे क्वचितच सापडली. आपल्या मराठी घरांतून हा सिनेमा फारसा बघितला जात नाही याचं मला वाईट वाटतं.

सहावीतली एक मुलगी शशिरेखा होतेय. राजकन्या तिला चटकन जमते, राक्षस जमत नाही. मी तिला म्हणते, "तुझा दादा घरी कसा बसतो?" ती धप्पकन पाय पसरून बसते. वर्ग हसतो. "आता तसंच उभी राहा." ती उभी राहते आणि घटोत्कच हजर होतो! पुढचा पाऊण तास आम्ही त्या एका बदलावर घालवतो. किती मात्रांवर राक्षस यायचा आणि किती मात्रांवर जायचा. दोन मात्रा जास्त झाल्या तरी गंमत जाते.

दुपारी 3.45

इंद्रवेल्लीकडचा एक गोंड मुलगा सुट्टीत एकटाच पाय आपटत ताल धरत असतो. त्याचे काका दिवाळीत दंडारीच्या नाचाला गुसाडी होतात. मोरपिसांचा भलामोठा मुकुट, अंगाला राख, हातात दंड, आणि गावाहून गावाला पाहुणे म्हणून जाणारा ताफा. या कलेसाठी मारलवाईच्या कनक राजूंना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. 2024मधे ते गेले.

मुख्याध्यापकांची इच्छा आहे की गुसाडीही मंचावर घ्यावं, पाहुण्यांना आवडेल. मी नम्रपणे नको म्हटलं. दंडारीच्या दिवसांत गुसाडी आंघोळ करत नाहीत, व्रत पाळतात, मुकुटाची पूजा होते. कार्डबोर्डचा मुकुट करून पाच मिनिटांत ते उरकावं असं मला वाटत नाही. ते ठरवायचा अधिकार त्या मुलाच्या गावातल्या वडीलधाऱ्यांचा आहे.

पण पायातलं वजन तो सगळ्यांना शिकवू शकतो, आणि ते आज मी त्याच्याकडून करून घेतलं. 1977च्या 'जैत रे जैत'मधे जब्बार पटेलांनी ठाकर आदिवासींचे नाच घेतले, तेव्हा डॉ. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील यांच्या पायांत मातीचं हेच वजन उतरलं होतं. मुलगा पुढे उभा, मी त्याच्या मागे, माझ्यामागे पूर्ण वर्ग. तो लाजत नव्हता.

सायंकाळी 5.30

घरचा क्लास. कॉलेजच्या मुली. आज 'गाइड'मधला नागनाच. 1965, विजय आनंद यांचं दिग्दर्शन, नृत्यरचना सोहनलाल-हीरालाल यांची. या नाचात गाणं नाही, फक्त बीन आणि ताल. गारुड्यांच्या वस्तीतली बाई नाचते आणि वहिदाबाईंची रोझी बघत बसते. मुलींना मी नाचाआधीचं ते बसणंच पुन्हा पुन्हा दाखवते. नवऱ्याने जिचा नाच बंद केलाय अशी बाई दुसरीचा नाच बघतेय. बोटं, खांदे, श्वास सगळं आधी जागं होतं, मग ती उठते. उठल्यावर ती जे करते ते मला देखणेपणाच्या पलीकडचं वाटतं. खूप दिवस कोंडलेलं एकदम बाहेर येतं.

वहिदाबाई आपल्याला हिंदीतल्या म्हणून माहीत. पण त्यांना आधी उचलून धरलं ते तेलुगू प्रेक्षकांनी, 1955च्या 'रोजुलु मारायी'मधल्या पेरणीच्या नाचासाठी. त्या सिनेमाच्या यशानंतर हैदराबादेत गुरुदत्तनी त्यांना हेरलं आणि 'सीआयडी'साठी मुंबईला नेलं. आमच्या आरटीसीच्या बसेस रोज ज्या हैदराबादेला जातात त्याच गावातून ही वाट गेली, हे ऐकून मुली खुलतात.

रात्री 8.15

दोन मुली थांबल्या. डाळ-भात खाऊन आम्ही 'सागर संगमम्' लावला. 1983, के. विश्वनाथ. दारूने खचलेला नर्तक बालू, म्हणजे कमल हासन, वर्तमानपत्राच्या कचेरीत एका नावाजलेल्या नर्तकीला एकच ओळ भरतनाट्यम्, कथक आणि कथकली अशा तिन्ही अंगांनी करून दाखवतो. टेबल-खुर्च्यांच्या मधल्या चिंचोळ्या जागेत. घुंगरू नाहीत, दिवे नाहीत, वेष नाही. या सिनेमाच्या नृत्यरचनेत गोपीकृष्ण होते, ज्यांनी 'झनक झनक'मधे संध्याबाईंच्या समोर नाचून लोकांना वेड लावलं होतं. आदिलाबादच्या मुलीला हे दोन्ही सिनेमे एकाच संध्याकाळी, एक हिंदीत आणि एक तेलुगूत, विनासायास कळतात. नाचाच्या दृष्टीने आमच्या भागासारखी श्रीमंती फार थोड्या ठिकाणी असेल.

"मॅडम, एवढं येत असून तो प्यायचा काहून?" एकीने विचारलं.

मी तिला वही दिली आणि म्हटलं, पहिली ओळ तू लिही. बालूला काय हवंय? ती अर्धा तास लिहीत होती.

रात्री 10.00

सकाळच्या शाळेतून फोन. पाहुणे लवकर निघणार, 'अलबेला' चार मिनिटांऐवजी दीड मिनिटात बसवता येईल का? मी नाही म्हटलं. सुरुवातीच्या दीड मिनिटात प्यारेलाल नुसता मंचावर पोचतो, त्याचा आनंद पुढच्या अडीच मिनिटांत आहे. त्याऐवजी माझ्या गटाचं स्वागतगीत काढून टाका, असं सुचवलं. सर जरा थांबले आणि "बरं" म्हणाले.

उद्या शिंप्याकडून शशिरेखेचा परकर आणायचा आहे. घटोत्कचासाठी त्याचा घेर वाढवायला सांगितलाय, पाय फाकायला जागा हवी.