संगणकाच्या भाषेची परीक्षा कोण घेतो?

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यात चोरखमारा नावाचे गाव आहे. नागझिरा अभयारण्यात जाण्याचे एक प्रवेशद्वार या गावाकडे आहे. गावाचा तलावही मोठा आहे. गोंदिया-भंडारा हा तलावांचाच मुलूख. इथल्या धानाची भिस्त पावसाखालोखाल तलावांवर असते. अशा तलावाची पाळ मातीची असते. एका जागी पाझर दिसला, तिथे माती भरून दाबली, म्हणजे काम संपले असे होत नाही. तलावात पाणी चढले की ते दुसरी कमजोर जागा शोधते. म्हणून दुरुस्त केलेली जागा तेवढी पाहून भागत नाही. पाळ या टोकापासून त्या टोकापर्यंत चालून पाहावी लागते.

संगणकाच्या भाषेचेही असेच आहे. पायथन, पर्ल, सी या भाषांत आपण प्रोग्राम लिहितो. पण तो प्रोग्राम संगणकाला समजावून देणारा आणखी एक मोठा प्रोग्राम असतो. त्याला कंपायलर किंवा इंटरप्रिटर म्हणतात. त्यात लाखो ओळी असतात आणि जगभरातले लोक त्यात रोज बदल करत असतात. एका ओळीतली दुरुस्ती दूरच्या दुसऱ्याच ठिकाणी बिघाड करू शकते. काल बरोबर चालणारी गोष्ट आज मोडली, तर त्या बिघाडाला ‘रिग्रेशन’ म्हणतात. हे टाळण्यासाठी प्रत्येक बदलानंतर पूर्ण पाळ चालून पाहणारा कुणीतरी हवा. हे काम ‘टेस्ट रनर’ करतो. आपण त्याला चाचणी-चालक म्हणू. तो कसा काम करतो आणि त्याला अधिक चांगले कसे करता येते, ते या लेखात पाहू.

उत्तर आधी ठरवायचे

वर्गात एक प्रश्न विचारून पाहा. उणे ७ ला २ ने भागले, तर पूर्णांकी भागाकार किती आणि बाकी किती? काही मुले भागाकार –४ आणि बाकी १ सांगतील. काही –३ आणि बाकी –१ सांगतील. पडताळा घ्या: २ × (–४) + १ = –७, आणि २ × (–३) – १ = –७. दोन्ही उत्तरे जुळतात!

पायथन भाषेने पहिले उत्तर निवडले आहे, सी भाषेने दुसरे. सी भाषेच्या १९९९ च्या प्रमाणकापूर्वी तर ही निवड प्रत्येक कंपायलरवर सोडलेली होती. म्हणजे इथे ‘खरे उत्तर’ गणितातून आपोआप मिळत नाही. भाषेने ते एकदा ठरवायचे आणि मग पाळायचे असते. चाचणी म्हणजे हा निर्णय लेखी नोंदवून ठेवणे: ‘–७ ला २ ने भाग, –४ आले तर उत्तीर्ण, नाहीतर अनुत्तीर्ण.’

आता असे समजा, की कुणीतरी भागाकाराचा वेग वाढवण्यासाठी पायथनमधला तो भाग नव्याने लिहिला. धन संख्यांची सगळी उत्तरे बरोबर आली, पण ऋण संख्यांची बदलली. एका विद्यार्थिनीने वार काढण्याचा प्रोग्राम लिहिला आहे. रविवार ०, सोमवार १, अशा क्रमाने शनिवार ६. रविवारच्या ३ दिवस आधी कोणता वार होता? –३ ला ७ ने भागून बाकी घ्यायची. पायथनच्या नियमाने ती ४ येते, म्हणजे गुरुवार. बदललेल्या नियमाने –३ येते आणि या क्रमांकाचा वारच नाही. ती विद्यार्थिनी रात्रभर स्वतःचा प्रोग्राम तपासत बसेल. चूक तिची नाही, तिच्या पायाखालच्या भाषेची आहे, ही शंका तिला सर्वांत शेवटी येईल. भाषेची चाचणी इतक्या काटेकोरपणे का घ्यायची, याचे कारण हेच आहे.

चालक काय करतो?

चाचणी-चालकाची कामे मोजकी आहेत. सगळ्या चाचण्या गोळा करणे, एकेक चालवणे, आलेले उत्तर अपेक्षित उत्तराशी ताडून पाहणे, आणि निकाल सांगणे. लॅरी वॉल यांनी डिसेंबर १९८७ मध्ये पर्ल भाषेची पहिली आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हा तिच्यासोबत अशा चाचण्या होत्या. प्रत्येक चाचणी-फाईल पहिल्या ओळीत सांगे, ‘१ ते ४’. मग ‘ओके १’, ‘ओके २’, ‘नॉट ओके ३’ अशा ओळी येत.

ती पहिली ओळ महत्त्वाची आहे. समजा, दुसऱ्या चाचणीनंतर प्रोग्राम मध्येच बंद पडला. ‘नॉट ओके’ कुठेच नाही, म्हणून सारे ठीक आहे असे वाटेल. पण चार सांगून दोनच आल्या, हे चालकाला कळते. सहलीला निघताना मुलांची मोजदाद का करतो? परतताना ‘कोणी तक्रार केली नाही’ एवढ्यावर आपण बस सोडत नाही.

चालक सुधारायचा म्हणजे काय?

पहिली सुधारणा: प्रत्येक चाचणीला कोरी पाटी. एका चाचणीने मागे टाकलेली फाईल किंवा बदललेली एखादी मांडणी पुढच्या चाचणीला बिघडवते. काही वेळा उलटेही घडते. पुढची चाचणी आधीच्या उरलेल्या वस्तूवरच उत्तीर्ण होत असते. म्हणून प्रत्येक चाचणी-फाईल स्वतंत्रपणे, स्वतःच्या कोऱ्या फोल्डरमध्ये चालवतात. अशी लपलेली नाती उघडी पाडण्यासाठी चाचण्यांचा क्रमही मुद्दाम पिसून पाहतात. पायथनच्या चालकात ही सोय आहे. पत्ते पिसण्यासाठी वापरलेला आकडा तो छापून ठेवतो, म्हणजे हवा तर तोच क्रम पुन्हा लावता येतो.

दुसरी सुधारणा: वेळेची मर्यादा. एखादी चाचणी अखंड फेऱ्यात अडकली तर चालक जन्मभर वाट पाहील. ठरलेल्या वेळेनंतर तिला थांबवायचे आणि ती नेमकी कोणत्या ओळीवर अडकली होती, ते छापायचे.

तिसरी सुधारणा: काम वाटून घेणे. समजा, पाच चाचण्यांना अनुक्रमे १, २, ३, ४ आणि १० मिनिटे लागतात. एकामागून एक केल्या तर २० मिनिटे. दोन कामकरी लावले तर १०? करून पाहा. याच क्रमाने वाटल्या, तर एकाकडे १, ३ आणि १० मिनिटांच्या चाचण्या येतात, म्हणजे १४ मिनिटे. दुसरा ६ मिनिटांतच मोकळा होऊन बसून राहतो. आता सर्वांत लांबलेली चाचणी आधी सुरू करा. एकाकडे १०; दुसऱ्याकडे ४ + ३ + २ + १ = १०. सगळे १० मिनिटांत संपते! नवे यंत्र नाही, केवळ क्रम बदलला. पंगतीच्या स्वयंपाकात वेळ लागणारे पदार्थ आधी चुलीवर चढवतात, तेच हे शहाणपण. पर्लच्या ‘प्रूव्ह’ या चालकाला मागच्या वेळी संथ ठरलेल्या चाचण्या आधी घ्यायला सांगता येते.

वेळ वाचवणे ही चैन नव्हे. तपासणीला दोन तास लागत असतील तर माणसे ती टाळू लागतात, आणि टाळलेली तपासणी नसल्यासारखीच.

लांडगा आला रे आला

चौथी अडचण सर्वांत नाजूक आहे. काही चाचण्या कधी उत्तीर्ण होतात, कधी अनुत्तीर्ण, आणि भाषेत मात्र काहीच बदललेले नसते. जाळ्याचा वेग, घड्याळ, कामांचा क्रम यांवर त्या अवलंबून असतात. समजा, अशा १००० चाचण्या आहेत आणि प्रत्येक हजारात फक्त एकदा विनाकारण चुकते. सगळ्या एका वेळी उत्तीर्ण होण्याची शक्यता किती? ०.९९९ चा १००० वा घात, म्हणजे सुमारे ०.३७. म्हणजे भाषेत काही दोष नसताना शंभरांतल्या ६३ फेऱ्या ‘अनुत्तीर्ण’ ठरतील. लांडगा आला म्हणून रोज ओरडणाऱ्या मुलाची गोष्ट आपल्याला माहीत आहे. लोक लाल खुणेकडे पाहायचे सोडून देतात.

यावर सोपा उपाय म्हणजे चुकलेली चाचणी पुन्हा चालवणे. पायथनच्या चालकात तीही सोय आहे. पण इथे सावध राहायला हवे. दहात एकदा दिसणारा खरा दोष लागोपाठ दोनदा दिसण्याची शक्यता शंभरांत एक एवढीच उरते. म्हणून दुसऱ्या वेळी उत्तीर्ण झालेली चाचणी गुपचूप ‘उत्तीर्ण’ म्हणून न मांडता वेगळी दाखवली पाहिजे.

निकालाच्या छटा

मुंबईच्या आयआयटीत प्रा. उदय खेडकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘जीसीसी’ या मुक्त कंपायलरच्या अंतरंगावर शिक्षणाचे आणि संशोधनाचे काम केले आहे. या जीसीसीच्या चाचण्या ‘देजाग्नू’ नावाचा चालक घेतो. नुसत्या सी भाषेसाठीच त्याचे निकाल लाखाच्या वर भरतात. तो पास-नापास एवढ्यावर थांबत नाही. ज्ञात दोषामुळे चुकणारी चाचणी तो ‘अपेक्षित नापास’ म्हणून नोंदवतो. तीच चाचणी एक दिवस उत्तीर्ण झाली, तर ‘अनपेक्षित पास’ असे कळवतो. बातमी चांगली आहे, पण तीही तपासायला हवी. दोष खरोखर गेला, की चाचणीच मुकी झाली? या यंत्रावर जी चाचणी लागूच नाही, तिला ‘असमर्थित’ असा वेगळा शेरा मिळतो.

शिक्षकाला हे नवे नाही. गैरहजर मुलाला आपण शून्य गुण देत नाही; ‘गैरहजर’ असे लिहितो.

परीक्षकाची परीक्षा

चालकच चुकला तर? सगळ्यांना ‘उत्तीर्ण’ म्हणणारा चालक अगदी शांत असतो, आणि म्हणून फार धोक्याचा. यासाठी मुद्दाम चुकीच्या चाचण्या लिहून त्याच्यापुढे ठेवतात आणि तो त्यांना पकडतो का, ते पाहतात. पायथनच्या चाचण्यांमध्ये तिच्या स्वतःच्या चालकाची अशी चाचणी समाविष्ट आहे.

वर्गात करून पाहा

बेरीज-भागाकाराची १२ उदाहरणे अपेक्षित उत्तरांसह चिठ्ठ्यांवर लिहा. दोन अपेक्षित उत्तरे मुद्दाम चुकीची ठेवा. एका उदाहरणाला ‘मागच्या उदाहरणाचे उत्तर घ्या’ अशी सूचना द्या. एक गट चालक होईल. त्याने आधी ‘१ ते १२’ जाहीर करावे, मग निकाल लिहावेत. प्रत्येक चुकीपुढे ‘अपेक्षित किती, आले किती’ हे लिहिणे सक्तीचे. नंतर चिठ्ठ्या पिसून पुन्हा तेच करा. कोणता निकाल बदलला, आणि का? मुद्दाम केलेल्या दोन्ही चुका सापडल्या का? चर्चा मुलांवर सोपवा.

पाळीवरून चालणारा माणूस तलाव बांधत नाही, पाणीही आणत नाही. पण त्याने ‘पाळ ठीक आहे’ म्हटल्यावर खालचा शेतकरी निर्धास्त रोवणीला लागतो. त्याचा शब्द विश्वासाचा राहावा, यासाठीच चालकाला सुधारत राहायचे.