हीच का?

हैदराबादेत हनुमान टेकडीवरच्या आमच्या घरी रविवारी संध्याकाळी दहा-बारा माणसं जमतात आणि एकमेकांना आवडत्या कविता म्हणून दाखवतात. नियम दोनच: कविता पाठ हवी आणि ती स्वतःची नको. दुसऱ्या नियमामुळे काही कवी एकदा येऊन पुन्हा फिरकले नाहीत. त्याला इलाज नाही. स्वतःची कविता म्हणणारा दाद मिळाली की खाली बसतो. दुसऱ्याची म्हणणाऱ्याला मात्र ‘हीच का?’ या प्रश्नाला तोंड द्यावं लागतं. खरी मजा त्या उत्तरात.

टेकडीजवळचा सुलतान बाजार म्हटलं की लोकांना साड्या, बांगड्या आणि लग्नसराईतली रेटारेटी आठवते. मी सून म्हणून आले तेव्हा मलाही तेवढंच दिसलं. पण 1933 पर्यंत हा रेसिडेन्सी बाजार होता, ब्रिटिश रेसिडेंटच्या अमलातला. त्या वर्षी तो निजामाकडे परत आला आणि त्याला आजचं नाव मिळालं. संस्थानात सभा-संस्थांवर नजर असे. पुढे गश्ती निशाण 53 या परिपत्रकामुळे परवानगीशिवाय सभा भरवणंच मुश्कील झालं. रेसिडेन्सीच्या हद्दीत त्या मानाने मोकळीक. 1892 चा आर्यसमाज, 1901 चं श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे ग्रंथालय इथेच रुजलं, ते उगाच नाही. संस्थानाचा कारभार उर्दूत, 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठही उर्दू माध्यमाचं. मराठी, तेलुगू, कानडी माणसाला आपली भाषा चारचौघांत ऐकायची तर ग्रंथालय गाठावं लागे, नाहीतर भजन, नाहीतर गणपतीचा मांडव.

जवळच जांबबागेत 1907 पासूनची विवेकवर्धिनी शाळा. परभणीकडच्या सातोन्याचे बी. रघुनाथ तिथे शिकले. पुढे त्यांनी बांधकाम खात्यात कारकुनी केली, कविता-कादंबऱ्या लिहिल्या आणि 1953 मध्ये, चाळिशीतच गेले. ‘पुन्हा नभाच्या लाल कडा’ हा संग्रह त्यांच्या पश्चात आला. आमच्यातले एक निवृत्त कारकून काका बहुतेक वेळा त्यांचीच कविता म्हणतात. हीच का, असं विचारल्यावर एकदा म्हणाले, “दिवसभर फायली उपसणारा माणूस असंही लिहितो हे कळलं, आणि मला माझ्या नोकरीची लाज वाटेनाशी झाली.” कवितेचा उपयोग काय, याचं याहून चांगलं उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

याच विवेकवर्धिनीत नोव्हेंबर 1921 मध्ये महर्षी कर्व्यांच्या अध्यक्षतेखाली सामाजिक परिषद भरली होती. आलंपल्ली वेंकटरामराव तेलुगूत बोलायला उभे राहिले आणि सभेने हुर्यो करून त्यांना बसवलं. त्या अपमानातून तेलुगू भाषकांचा आंध्र जनसंघ उभा राहिला. हुर्यो करणाऱ्यांत आपली मराठी माणसंही होती. संस्थानातल्या आपल्या लढ्याचं कौतुक करताना हा प्रसंग आपण गाळतो. गाळू नये. आमच्याकडे तेलुगू आणि उर्दू कविता असतेच, त्यामागे हे एक कारण आहे.

शेजारच्या अक्का तेलुगू कवी दाशरथींची कविता म्हणतात. निजामाबादच्या तुरुंगात भिंतीवर कोळशाने कविता लिहिणारे ते हेच. पहिल्या खेपेला मला दोन-तीन शब्द कळले, पण आवाजाचा चढ बरोबर पोचला. अर्थ अक्कांनी मग दोसे घालता घालता समजावला. मी मखदूम मोहिउद्दीन यांची उर्दू कविता ‘चारागर’ म्हणते, देवनागरीत उतरवून पाठ केलेली. मखदूम सिटी कॉलेजात शिकवत, कम्युनिस्ट पक्षाचं काम करत, तुरुंगातही गेले. ही कविता 1964 च्या ‘चा चा चा’ चित्रपटात गाणं होऊन आली, त्यामुळे चाल सगळ्यांच्या ओळखीची. हीच का? कारण मोर्च्यात ओरडणारा माणूस इथे एकदम आवाज खाली आणतो.

1 नोव्हेंबर 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला आणि हैदराबाद आंध्र प्रदेशाची राजधानी झालं. कित्येक मराठी कुटुंबं तिकडे निघून गेली. जी राहिली त्यांची मराठी हळूहळू स्वयंपाकघरात आणि देवघरात सरकली. माझ्या नातवाला मराठीत भूक सांगता येते, भांडता येतं. मन उदास आहे हे सांगायला मात्र तो इंग्रजीत जायचा. त्याला मी बालकवींची ‘औदुंबर’ पाठ करायला लावली. आठच ओळी, आणि तिच्या अर्थावरून समीक्षक पिढ्यान्पिढ्या वाद घालताहेत. त्याला विचारलं, काय कळलं? म्हणाला, “झाड एकटं आहे, पण त्याला कंटाळा नाही आला.” कोश देऊन मुलाला हे बोलायला शिकवता आलं नसतं.

सगळ्यांना सगळ्या कविता आवडतात असं नाही. मोरोपंतांच्या आर्या निघाल्या की दोघं-तिघं चहाकडे वळतातच, आणि मी त्यांना अडवत नाही.

2020 पासून मेट्रो सुलतान बाजारात थांबते. साडीखरेदीला याल तेव्हा तासभर राखून ठेवा. ईसामिया बाजारात मराठी ग्रंथ संग्रहालय आहे, चालत जाण्याइतकं जवळ. कवितांच्या कपाटापाशी उभं राहून कुठलंही पुस्तक काढा आणि एक तरी कविता पाठ करूनच गाडी पकडा.