विषारी औषधी वनस्पती : विषबाधेची ओळख आणि शिक्षकांचे कर्तव्य

प्रास्ताविक

'झाडपाल्याच्या औषधाने अपाय होत नाही' हा समज आपल्या समाजात, अगदी सुशिक्षित घरांतही, खोलवर रुजला आहे. वस्तुतः बचनाग, धोतरा, काजरा (कुचला), गुंज, कण्हेर या औषधी म्हणून परिचित असलेल्या वनस्पती मुळात तीव्र विषे आहेत. क्षेत्रभेटीत, सहलीत वा वसतिगृहात विषबाधा झाली, तर डॉक्टरांच्या आधी शिक्षकालाच धावावे लागते. त्या वेळी उपचार करणे हे त्याचे काम नव्हे. लक्षणे ओळखणे, वेळ न दवडणे आणि अचूक माहितीसह रुग्णाला रुग्णालयात पोहोचविणे हे त्याचे काम आहे. प्रस्तुत लेखात याच दृष्टीने विचार केला आहे.

१. औषध आणि विष

युनानी व आयुर्वेद या दोन्ही पद्धतींनी या द्रव्यांचे विषारीपण कधीच नाकारलेले नाही. इब्न सीना यांच्या 'अल-कानून फित्-तिब' या ग्रंथाच्या चौथ्या खंडात विषांचे स्वतंत्र विवेचन आहे. बचनागास युनानीत 'बीश' म्हणतात. ते कच्चे न वापरता दुधात उकळून शुद्ध करतात. असे द्रव्य युनानीत 'मुदब्बर', तर आयुर्वेदात 'शोधित' म्हणून ओळखले जाते. दीर्घकाळ उकळल्याने बचनागातील अॅकोनिटिनचे जलविच्छेदन होते व कमी विषारी संयुगे तयार होतात. कच्चे वा अपुरे उकळलेले मूळ मात्र प्राणघातक ठरू शकते.

भारतीय कायद्यानेही ही दखल घेतली आहे. औषधे नियम, १९४५ मधील अनुसूची ई (१) मध्ये आयुर्वेद, सिद्ध व युनानी पद्धतींतील विषारी द्रव्यांची यादी आहे. ही द्रव्ये असलेल्या पोटात घेण्याच्या औषधांच्या वेष्टनावर, ते वैद्यकीय देखरेखीखाली घ्यावे, अशी सूचना छापावी लागते. सुट्या पुडीवर अशी सूचना नसते आणि धोका तेथेच सुरू होतो.

२. लक्षणांवरून ओळख

(अ) बचनाग : ओठ, जीभ व हातपाय यांना मुंग्या येऊन बधिरता येते. ही खूण महत्त्वाची आहे. पुढे उलट्या, अशक्तपणा व हृदयाचे ठोके अनियमित होणे ही लक्षणे दिसतात. यावर विशिष्ट उतारा नाही.

(आ) धोतरा : तोंडाला कोरड, विस्फारलेल्या बाहुल्या, तापलेली लालसर त्वचा, जलद नाडी, लघवी अडणे आणि असंबद्ध बडबड. रुग्ण हवेत काहीतरी पकडू पाहतो. अशा वेळी 'बाहेरची बाधा' समजून झाडफूक केली जाते किंवा विद्यार्थ्याने नशा केली असे मानून त्याला दटावले जाते. दोन्हींत मोलाचा वेळ जातो.

(इ) काजरा : स्नायू ताठरतात, जबडा आवळतो, आवाजाने वा स्पर्शाने आचके येतात, तरीही बहुधा शुद्ध कायम असते. रुग्णाला शांत, मंद प्रकाशाच्या जागी ठेवावे.

(ई) कण्हेर व पिवळी कण्हेर (बिट्टी) : उलट्या, मंद व अनियमित नाडी. उलट्या थांबल्या म्हणजे धोका टळला असे नव्हे. हृदयाचे ठोके नंतरही बिघडू शकतात.

(उ) गुंज व मोगली एरंड : पोटदुखी, उलट्या, जुलाब. अखंड गिळलेल्या गुंजेचे कठीण कवच बहुधा विष बाहेर पडू देत नाही. चावलेली किंवा माळेसाठी भोक पाडलेली गुंज मात्र घातक असते. तिची लक्षणे कित्येक तासांनी दिसतात. मोगली एरंडाच्या बिया गोडसर लागत असल्याने मुले एकत्र बसून खातात. म्हणून एक मूल आजारी पडताच त्याच्या सर्व सोबत्यांची चौकशी करावी.

३. प्रथमोपचार

तोंडातील अवशेष काढून चूळ भरावयास सांगावे. घशात बोट घालून वा मिठाचे पाणी पाजून उलटी करवू नये. ती श्वासनलिकेत जाऊ शकते. दूध, तूप, ताक, लिंबू हे उतारे देत बसू नये. रुग्ण बेशुद्ध पण श्वास घेत असल्यास त्याला कुशीवर वळवावे व तोंडावाटे काहीही देऊ नये. श्वास थांबल्यास प्रशिक्षित व्यक्तीने छातीवर दाब देण्यास सुरुवात करावी. लक्षणे दिसण्याची वाट न पाहता १०८ वा ११२ क्रमांकावर संपर्क साधावा. नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील राष्ट्रीय विष माहिती केंद्र (१८०० ११६ ११७) मार्गदर्शन करते.

वनस्पतीची फांदी, फळ, उरलेल्या बिया किंवा औषधाची पुडी कागदात गुंडाळून सोबत न्यावी. काय, किती आणि केव्हा खाल्ले, हे लिहून डॉक्टरांना द्यावे. घरच्या औषधाची माहिती पालक संकोचाने लपवितात. दोष न देता ती विचारावी.

समारोप

महाविद्यालयाच्या आवारातील कण्हेर, बिट्टी, धोतरा यांवर वनस्पतिशास्त्र विभागाने नावाच्या पाट्या लावाव्यात व त्यांवर 'विषारी' असे स्पष्ट लिहावे. क्षेत्रभेटीपूर्वी कोणतेही अनोळखी फळ वा बी न चाखण्याची सूचना द्यावी. वनौषधींचा पाठ शिकविताना गुणधर्मांइतकेच विषारीपणही शिकविले, तर आपल्या शास्त्रीय वारशाचा मान कमी होणार नाही. आपल्या हकिमांनी व वैद्यांनी त्यांच्याविषयी जी सावधगिरी बाळगली, तीही त्या वारशाचाच भाग आहे.